चाळीस दिवसांचा ताण

सौंसरच्या दवाखान्यातल्या सुनंदा सिस्टरनं बापूजींना बजावूनच ठेवलं होतं. "पोटाचं डायलिसिस घरी करू देऊन राहिलो. पण हयगय दिसली, तं सीधं नागपूर. हप्त्यातून तीनदा मशीनवर."

बापूजी हादरले. तीनदा नागपूर म्हणजे रामाकोन्यातला तीनशे झाडांचा संत्र्याचा बगीचा गेलाच. तेव्हापासून ते दिवसातून चार वेळा पोटात औषधाचं पाणी भरत, काढत, मोजून वहीत लिहीत.

सोमवारपासून रोजची चौकशी सिस्टरऐवजी दवाखान्याचं एआय करणार होतं. पहिला फोन आला तेव्हा बापूजी बगीच्यात होते. त्यांनी फोन उलटा धरला, त्यामुळे फोन करणाऱ्याचं नावगाव सगळं वाऱ्यावर गेलं. सुलटा केला तेव्हा एक गोड आवाज विचारत होता, "पाणी नियमित सुरू आहे ना?"

कृषी खात्याच्या मॅडम, बापूजींनी ताडलं.

"बंद केलं नं. चाळीस दिवस झाले."

"चाळीस?"

"ताण देऊन राहिलो. त्याबगर फूल नाही येत, मॅडम."

"तुम्हाला ताण आहे, नोंद केली. रंग कसा आहे?"

"पिवळा पडला. गळती बी लागली."

"आणखी काही त्रास?"

"बुडाले डिंक्या रोग झाला होता. खरडून काढला अन् मोरचूद-चुना फासला."

"बुडाला?"

"साऱ्याइच्याच."

"कृपया हलू नका. मदत निघाली आहे."

सरकारी खात्याचा हा उरक पाहून बापूजींना धक्काच बसला.

अर्ध्या तासात बगीच्यात अ‍ॅम्ब्युलन्स शिरली. मागून सून अमिता धावत आली. "मामाजी, तुमाले न्यायाले आले!"

"चाळीस दिवस पाणी बंद?" अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरत सिस्टर म्हणाली. "अन् बुडाले मोरचूद? दाखवा."

बापूजींनी दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरलं आणि मानेनंच झाडाकडे खूण केली. सिस्टरनं चुना फासलेली खोडं पाहिली, अमितानं घरून आणलेली वही पाहिली, पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं. मग तिनं स्पीकरवर एआयला फोन लावला. "पेशंट ठीक आहे. पाणी बगीच्याचं बंद आहे, बगीच्याचं."

"दुरुस्ती केली," गोड आवाज म्हणाला. "बापूजी घरीच राहतील. बगीच्याला मात्र नागपूरला आणावं लागेल. आठवड्यातून तीन वेळा."

बापूजींनी तीनशे झाडांकडे पाहिलं. मग अ‍ॅम्ब्युलन्सकडे.

"एका खेपेत नाही व्हायचं," ते म्हणाले.