गजाभाऊच्या पिकअपचं नवं इंजिन

एका जंगलात एक पिकअप गाडी होती.

तोंडं मिटा, बाळांनो. जंगलात गाडी कुठून आली, असं विचारायचं नाही. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा विचारता का? मग गुमान ऐका.

ही गाडी होती गजाभाऊ रानडुकराची. दिसायला एवढीशी, पण कामाला वाघ. खरं तर वाघापेक्षा बरी, कारण वाघ काहीच काम करत नसे.

त्या जंगलातलं तळं दर उन्हाळ्यात आटायचं. तळ दिसायला लागला की गजाभाऊ पिंपांत पाणी भरायचा, त्यात मासे सोडायचा आणि खिंडीचा चढ चढून पलीकडच्या नदीच्या डोहात नेऊन सोडायचा. त्याच्या बापाने घालून दिलेली रीत. गाडीचं इंजिन जुनं, डिझेलचं. खोकायचं, काळा धूर ओकायचं, पण भरली पिंपं घेऊन चढ चढायचं. अख्ख्या तळ्याचा जीव त्या इंजिनावर होता.

एकदा काय झालं, गजाभाऊ खिंडीतून निघाला असताना मागून एक तरणा बिबट्या मोटारसायकलवरून आला. “ओ काका, जरा कडेनं!” असं ओरडला आणि भुर्रकन पुढे गेला.

काका! गजाभाऊच्या जिव्हारी लागलं. त्याला जेवण जाईना. आता डुकराला जेवण जात नाही म्हटल्यावर प्रकरण केवढं गंभीर, बघा.

तो गेला हरबा वानराकडे. हरबा जंगलातला मेकॅनिक होता. म्हणजे त्याच्याकडे मोबाइल होता.

“भाऊ, दरीत शर्यतीची एक गाडी पडलीय,” हरबा म्हणाला. “तिचं इंजिन काढू आणि तुमच्या पिकअपमध्ये टाकू. रोटरी आहे, रोटरी! वर टर्बो!”

“म्हणजे काय रे?”

“साध्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. याच्यात तिकोनी चकती गरगर फिरते. आणि टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. चकती एकदा भन्नाट फिरली आणि पंख्याने जोर धरला, की बिबट्या मागे!”

“आणि भन्नाट फिरेपर्यंत?”

“तोवर वाट बघायची,” हरबा म्हणाला.

ही बातमी तळ्यात पोचली. तिथे कोंडाआक्का नावाची म्हातारी मासोळी राहायची. तिच्याभोवती लेकी, सुना, नातवंडं असा सगळा गोतावळा. तिने काठाशी येऊन हाक मारली.

“गजाभाऊ, नवं इंजिन चढाला ओढेल ना रे?”

“आक्का, सशाला लाजवेल!”

“सशाचं कोण विचारतंय? मी चढाचं विचारतेय.”

“तुम्हाला त्यातलं काय कळतंय?” असं म्हणून गजाभाऊ हसला. हरबाही हसला. काठावरचे बेडूकही हसले, आणि त्यांचीही वस्ती त्याच तळ्यात होती. अशा हसणाऱ्यांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

नवं इंजिन बसलं. जुनं काढून वडाखाली ठेवलं. सकाळी कुणीतरी त्यावर फूल वाहिलं. मग कुणी शेंदूर फासला. मग मार्तंड नावाच्या तरसाने शेजारी घंटा टांगली आणि तो पुजारी झाला. देवाचं नाव पडलं इंजिनोबा. इंजिनोबाच्या नवसाने एका सशिणीची शिंक थांबली म्हणतात. शिंका तशाही थांबतात, पण हे तिला कोण सांगणार?

इकडे गाडीचा रुबाब काही विचारू नका. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर अशी सुटायची की धुळीत झाडं दिसेनाशी व्हायची. मागच्या नळीतून जाळ निघायचा. तेल तर अशी प्यायची की हरबा कॅन हातात घेऊनच फिरायचा. प्राणी दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवायचे. बिबट्यानेसुद्धा एकदा बाजूला होऊन वाट दिली. गजाभाऊ त्या दिवशी दुप्पट जेवला.

मग उन्हाळा आला. तळ्याचा तळ दिसायला लागला.

पिंपं भरली. मासे आत गेले. गजाभाऊ गॉगल लावून बसला आणि गाडी चढाला लागली. लागली आणि थांबली. चकती फिरत होती, पण ओढत नव्हती. इंजिन घुंघुं करायचं आणि बंद पडायचं. शेवटी गजाभाऊ चिडला आणि सगळा पाय दाबून बसला. आधी काहीच होईना. मग एकदम पंख्याने जोर धरला. गाडी अशी उसळली की पिंपं मागच्या मागे रस्त्यावर! प्राण्यांनी तडफडणारे मासे गोळा करून परत तळ्यातल्या चिखलपाण्यात टाकले.

“गजाभाऊ, तुझ्या पाया पडते,” कोंडाआक्का म्हणाली. “जुनं इंजिन परत बसव. पोरंबाळं आहेत रे माझी.”

गजाभाऊचं तोंड उतरलं. तो काही अगदीच वाईट नव्हता. पाना घेऊन तो वडाखाली गेला. तिथे मार्तंड आडवा आला.

“देवाला पाना लावतोस?”

“अहो, माझंच इंजिन आहे ते.”

“होतं. आता ते सगळ्यांचं दैवत आहे. आणि काय रे, नव्या इंजिनाला बळ दे म्हणून परवा इथेच नारळ फोडलास ना? मग आता देवालाच ओझ्याला जुंपतोस?”

ते खरंच होतं. गजाभाऊने पाना खाली ठेवला आणि पाया पडून परत आला. शेंदूर फासलेल्या लोखंडापुढे एवढं मोठं डुक्कर ओशाळलं. मला तर हे सांगतानाही त्याचा राग येतो.

मग सभा भरली. गाडीत दोष नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मोकळी असताना कशी वाऱ्यासारखी जाते! म्हणजे दोष ओझ्यात आहे.

“ओझं कशाचं आहे? पाण्याचं!” हरबा ओरडला. “मासे ते केवढे! पाणी काढा. कोरड्या पिंपात मासे भरा. गाडी इतकी जलद जाईल की धाप लागायच्या आत डोह!”

टाळ्या पडल्या. बेडकांनी तर दोनदा वाजवल्या.

“आणि मध्ये थांबली तर?” कोंडाआक्काने विचारलं.

“शुभ बोला हो आक्का!” सगळे एकदम म्हणाले.

काय करणार बिचारी? तळ्यात आता पाठ भिजण्याइतकंही पाणी नव्हतं. पहिली फेरी तिच्याच घरच्यांची ठरली. तिने नातवंडांना पोटाशी घेतलं, श्वास धरायला सांगितलं आणि पिंपात शिरली. वरून झाकण लागलं.

आणि बाळांनो, गाडी गेली! हलक्या ओझ्याने तिने चढ घेतला, खिंड ओलांडली आणि धूळ उडवत डोहावर पोचली. आजवर कुणीच इतक्या लवकर पोचलं नव्हतं. हरबाचं गणित बरोबर निघालं. पिंपात शेपट्या आपटल्याचा आवाज येत होता. सगळी जिवंत होती.

पण डोहावर मंडप घातला होता. मार्तंड ताट घेऊन उभा होता. आधी गाडीला ओवाळलं. मग इंजिनाला हार घातला. मग गजाभाऊला फेटा बांधला, तो डोक्यावर बसेना म्हणून सोडून पुन्हा बांधला. मग हरबाचं भाषण झालं.

“आधी पिंप उघडतो,” गजाभाऊ हळूच म्हणाला.

“थांब रे, फोटो राहिलाय,” हरबा म्हणाला. “मासे डोहात पडले की फेट्यावर पाणी उडेल.”

गजाभाऊ थांबला. फोटो निघाला. मग बिबट्यासोबत एक निघाला. बिबट्याने या वेळी त्याला “भाऊ” म्हटलं.

पिंपातला आवाज आधी कमी झाला आणि मग थांबला.

हरबाने पिंपाला कान लावला आणि तो खूश झाला.

“ऐका मंडळी! आतून एकसुद्धा तक्रार नाही. एवढा सुखाचा प्रवास जुन्या इंजिनात कधी झाला होता का?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गाडी दुसऱ्या फेरीसाठी तळ्याकडे वळली.

तात्पर्य : प्रवाशांनी घरून निघतानाच सत्कार संपेपर्यंत पुरेल एवढा श्वास घेऊन निघावं. न घेणाऱ्यांमुळे चांगल्या इंजिनाचं उगाच नाव खराब होतं.