डोंब्रोव्स्कीचा नंबर

टाइट एंड या विषयावर आमच्या गावात शेवटचा शब्द माझा असतो. ही बढाई नाही. बढाई व्हायला आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते मी करत नाही.

आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळात, टाइट एंड हा मोठा चमत्कारिक गडी. निम्मा वेळ तो रांगेच्या टोकाला उभा राहून समोरून येणारी आडदांड माणसं अंगावर घेतो, म्हणजे मागच्याला चेंडू घेऊन पळता यावं. उरलेला निम्मा वेळ स्वतःच पळत सुटतो आणि चेंडू झेलतो. हमालही तोच आणि नवरदेवही तोच. आता अशांमधला सर्वांत थोर कोण हे ठरवायचं कसं? झेल मोजता येतात. अडवलेली माणसं कोण मोजतो? यावरच माझी आणि व्हर्जिल क्रोनिंगची तीस वर्षं जुंपलेली आहे.

मी झेल मोजणारा. आयुष्यभर विमा विकला, माझा आकड्यांवर विश्वास. व्हर्जिल काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. त्याचं दैवत एकच, रे डोंब्रोव्स्की. या डोंब्रोव्स्कीने अख्ख्या कारकिर्दीत जेवढे झेल घेतले, तेवढे माझ्या यादीतला पहिला, लमार गिड्री, एका मोसमात घ्यायचा.

“पण डोंब्रोव्स्की उभा असताना त्याच्या बाजूने कुणी आत आलं का?” व्हर्जिल विचारणार.

“जे आलेच नाहीत त्यांचा आकडा दाखव,” मी म्हणणार.

मग व्हर्जिलची बायको आर्डिस आमच्या मधोमध तळलेल्या माशाची ताटली सरकवणार. असे तीस वर्षांचे शुक्रवार झाले, सगळे टायनीच्या बारमध्ये.

टायनीकडे एक पद्धत आहे. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी प्रत्येकाने आपले दहा थोर टाइट एंड कार्डावर लिहायचे, शेजारी शेरा मारायचा आणि कार्ड बंद पाकिटात घालून टायनीला द्यायचं. रविवारी दुपारी, सामन्याच्या तोंडावर पाकिटं फुटतात. याद्या मोठ्याने वाचल्या जातात, फळीवर टाचल्या जातात आणि मग वर्षभर त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. पाकीट बंद का, तर आमच्यातले काही जण दुसऱ्याचं बघून लिहितात.

आता माझा दुसरा उद्योग. मी चर्चचा सचिव आहे. दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तिची यादी मी करतो. नाव आणि पुढे दुखणं, थोडक्यात. तीही कार्डावर आणि तीही बंद पाकिटात, कारण कुणाचं काय दुखतं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. रविवारी सकाळी रेडिओवरून ती सगळ्या काउंटीला ऐकू जाईपर्यंत तरी खासगीच असते.

त्या गुरुवारी व्हर्जिलला चाळीस मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. हृदयाची झडप बदलायची होती, सोमवारी सकाळी. मी भेटायला गेलो तेव्हा तो नेहमीसारखाच बोलत होता, पण चादरीचा काठ सारखा मुठीत धरत होता आणि सोडत होता. निघताना म्हणाला, “लाइल, रविवारच्या प्रार्थनेत माझं नाव घालशील ना? इथे रेडिओ लागतो. मी ऐकेन.”

या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. शिडीसुद्धा नाही. मी जरा जास्तच जोरात म्हणालो, “घालीन म्हणजे काय? तू डोळे मिटून पडून राहा. ते काम झालं समज.”

घरी येऊन मी दोन्ही कार्डं लिहिली. व्हर्जिलचं नाव ठळक अक्षरात. मग दोन्ही पाकिटं आधी नीट चिकटवली आणि त्यानंतर त्यांच्यावर नावं घातली. यात काय चुकलं ते तुमच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला रविवार उजाडावा लागला.

आमच्या पास्टर हॉलिस जूनमध्ये नव्याने आलेल्या. गुणी बाई, पण फुटबॉल बघत नाहीत. नेमणुकीच्या वेळी त्यांना ते कुणी विचारलंही नव्हतं, कारण ही विचारायची गोष्ट आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला आणि मायेने वाचायला सुरुवात केली.

“आपले बंधू लमार गिड्री. हात सोन्याचे, पण नऊ वर्षांनी गुडघा गेला.”

मी मागच्या दाराशी उभा होतो. आधी वाटलं, माझ्याच कानांना काहीतरी झालं.

“बंधू पीट व्हँडरस्लूट. चाल मंद, पण चार जणांनी ओढलं तरी पडत नाहीत.”

अर्ध्या चर्चने मान वर केली. पास्टरबाईंना वाटलं, लोकांना भरून आलं. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

“बंधू कर्टिस ओबी. दबाव आला की हातातलं सगळं निसटतं.”

“मग तिसरा कसा?” पुढच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं.

मी ओरडायला हवं होतं. पण काय ओरडणार? थांबा, हे सगळे ठणठणीत आहेत? तेही खरं नव्हतं, गिड्रीला जाऊन सहा वर्षं झाली. शिवाय रेडिओ चालू होता. तसाच उभा राहिलो आणि दहाच्या दहा जणांचे गुडघे, खांदे आणि स्वभावदोष ऐकले. दहा संपल्यावर बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. कार्डाच्या तळाशी मी व्हर्जिलला चिडवायला एक ओळ लिहिली होती.

“आणि डोंब्रोव्स्की,” त्या हलकेच म्हणाल्या. “यांच्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही.”

“आमेन,” म्हणाले सगळे. काही जण जरा जास्तच मनापासून.

दुपारी टायनीने माझं पाकीट फोडलं. “एक नंबर,” त्याने वाचलं, “हिल्डा लेंट्झ. नवीन खुबा, काठी घेऊन चालते.” लोक हसून हसून कोलमडले. “दोन नंबर,” टायनी म्हणाला आणि थांबला. “व्हर्जिल क्रोनिंग. हृदय. सोमवारी सकाळी सात.”

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. टायनीने डोक्यावरची टोपी काढली. मग एकेकाने काढली. आमच्या बारमध्ये प्रार्थना कुणाला येत नाही, म्हणून सगळे आपापल्या ग्लासात बघत उभे राहिले. मग कोपऱ्यातून आवाज आला, “पण हिल्डाच्या खाली का?” आणि टीव्ही पुन्हा लागला.

मी त्या दिवशी इस्पितळात गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सामनाही होता. दोन्ही कारणं खरी आहेत, कोणतं जास्त खरं ते विचारू नका.

सोमवारी पहाटे मात्र पोचलो. व्हर्जिलला निळा झगा घातला होता. दंडाला पट्टा, छातीवर वायरी. आर्डिस पायाशी बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी काढून हातात घेतली.

“ऐकलं मी रेडिओवर,” व्हर्जिल म्हणाला.

“पाकिटं बदलली रे. माझीच चूक.”

“ओबी तिसरा?”

“व्हर्जिल, मी खरंच...”

“माझं नाव आलं नाही,” तो छताकडे बघत म्हणाला. “एकेक नाव मोजत होतो. दहा झाली. म्हटलं, लाइलने शेवटी ठेवलं असेल. मग डोंब्रोव्स्की आला.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. तीस वर्षांत या माणसाने एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी टायनीच्या फळीवर टाचून आलो होतो. आता त्याला काय द्यावं? माझ्याकडे देण्यासारखं होतंच काय? मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, “व्हर्जिल, मी खूप विचार केला. तुझंच बरोबर आहे. डोंब्रोव्स्की पहिला.”

व्हर्जिल पांढरा पडला.

“डॉक्टर काय म्हणाले तुला?” त्याने विचारलं.

“कोण डॉक्टर? मला कुणी भेटलंच नाही.”

“लाइल, खरं सांग. किती दिवस आहेत?”

“अरे, मी फक्त टाइट एंडबद्दल बोलतोय.”

“तीस वर्षांत तू त्याला दहावासुद्धा नंबर दिला नाहीस.” त्याने मान बायकोकडे वळवली. “आर्डिस, तुलाही माहीत आहे का? सगळ्यांना माहीत आहे?”

डोक्याशी ठेवलेलं यंत्र टुकटुक करायला लागलं. नर्स धावत आली, आकडा बघितला आणि आम्हा दोघांकडे बघितलं. “रक्तदाब असाच राहिला तर डॉक्टर आज हात लावणार नाहीत. आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. काय सांगितलंत यांना?”

“काही नाही हो. मी मान्य केलं.”

आर्डिसने माझी बाही धरून मला भिंतीपाशी ओढलं. पन्नास वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेली बाई, आवाज न चढवता माणसाला उभा चिरते. “तीन आठवडे तो काढेल की नाही मला माहीत नाही,” ती म्हणाली. “जे दिलंस ते परत घे. आत्ता.”

मी परत आलो. व्हर्जिल डोळे मिटून पडला होता. टोपी डोक्यावर घातली.

“हे बघ, व्हर्जिल. दया आली म्हणून म्हणालो. तुझा डोंब्रोव्स्की पहिला काय, शंभरावासुद्धा नाही. वर्षाला चौदा झेल! तो खेळाडू नव्हे, फाटक होतं.”

व्हर्जिलने एक डोळा उघडला. “फाटक असेल. पण आत आलं का कुणी?”

“आकडा दाखव.”

“तुला दिसत नाही म्हणून नव्हतंच का ते?”

“गिड्रीने एका मोसमात...”

“गिड्री! वारा आला तरी आडवा व्हायचा.”

गालांवर रंग परतला. नर्स यंत्राकडे बघत राहिली, आकडा उतरत होता. “थांबू नका,” ती मला म्हणाली. मग तिने आकडा लिहून घेतला आणि जाता जाता सांगितलं, “तसा व्हँडरस्लूटच पहिला.” यावर आम्ही दोघांनी मिळून तिला गप्प केलं. खाट दारापर्यंत ढकलत नेली तोवर मी बरोबर चालत होतो आणि डोंब्रोव्स्कीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. दार बंद होता होता व्हर्जिल आतून म्हणाला, “बाहेर आलो की बघतो तुला.” आर्डिस तिथेच खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदा रडली.

पाच तास लागले. मी आपला बसून विचार करत होतो. हिवाळ्यात रात्रभर बर्फ पडला तरी पहाटे पाचला कामावर निघायचो तेव्हा माझ्या घरापुढचा रस्ता रोज मोकळा असायचा. कधी मनातही आलं नाही की माझ्या आधी ट्रक घेऊन येऊन तो कुणीतरी मोकळा करतं. रस्ता होता, मी गेलो.

व्हर्जिल बाहेर आला. आता बरा आहे, पुन्हा शुक्रवारी मासे खातो, अर्धीच ताटली. पास्टरबाईंनी पुढच्या रविवारी त्याचं नाव दोनदा घेतलं. डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर कसलाही धक्का बसता कामा नये.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. डोंब्रोव्स्की खरंच पहिला आहे, हे माझं आता पक्कं झालंय. पण व्हर्जिलच्या कानावर घालू नका. मी त्याला दर शुक्रवारी फाटकच म्हणतोय.