विचाराधीन वेणी

कोणीही बोलत नव्हते. आईच्या हातातली पळी साराच्या भांड्यावर थांबली होती आणि तिच्या टोकावरून थेंब गळत होते. सुप्रजा, माझी पत्नी, आठव्या महिन्याचा भार सावरत भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्या मानेकडे पाहत होती. मान त्या दिवशीच उजेडात आली होती. अशा शांततेत माणसाला आपण काहीतरी ऐतिहासिक केले आहे असे वाटू लागते. मलाही वाटले.

आमच्या घराण्याचा नियम असा की, पत्नी गरोदर असताना पतीने केसांना कात्री लावायची नाही. तंजावरच्या दरबारामागोमाग आमचे पूर्वज इकडे आले. पुढे दरबार गेला, इनामे गेली, घरच्या मराठीत अर्धे तमिळ शिरले. हा नियम मात्र कुंभकोणमपर्यंत सुखरूप पोहोचला. त्यामागचे कारण कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तो कोणाला खोडूनही काढता आला नव्हता.

मी तो मोडला त्याला निमित्त होते. मी एका विमा कंपनीच्या स्थानिक कार्यालयात दावे फेटाळण्याचे काम करतो. विभागाचे अधिकृत नाव वेगळे आहे. त्या सकाळी एका वृद्ध बाईंनी माझी खांद्यावर आलेली झुलपे आणि दाढी पाहून मला तिरुप्पनंदाळच्या मठातले स्वामी ठरवले, माझ्या मेजावर लिंबू ठेवले आणि नातवाला नोकरी कधी लागेल ते विचारले. संत समजले जाणे मी सहन केले असते. पण आम्ही वैष्णव आणि तो मठ शैव. चुकीच्या संप्रदायात पूज्य होण्याची माझी तयारी नव्हती.

"बाळ येईतों थांबायचें होतें, मध्वेशा," आई म्हणाली. एवढेच.

त्यावर मी व्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो. सार निवेपर्यंत बोललो. आईने माझ्या पानात वाढले. सुप्रजाने मला पाठमोरे व्हायला सांगितले, नीट पाहिले आणि म्हणाली की केस बरे दिसतात.

ती अशीच होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हाही नियमच. तिचे माहेर साक्कोट्टैला, रिक्षाने जाण्याइतके जवळ. तरी तिने वडिलांना नाही म्हणून कळवले होते. बाळ येताना मी जवळ असायला हवा, असे तिचे म्हणणे होते. माझ्यात जवळ असण्याजोगे काय आहे, याचा मी त्या वेळी अभिमानाने विचार केला होता.

आता सलूनविषयी. महामहम कुंडाजवळ नुकत्याच उघडलेल्या त्या काचेच्या दालनात सौम्या नावाच्या केशसल्लागार होत्या. त्यांनी कात्रीला हात लावण्यापूर्वी विचारले की सर रोज केसांना काय वापरतात. मी खरे ते सांगितले: शनिवारी कोमट तिळाचे तेल, मग शिकेकाई, ती आई जास्वंदीची पाने आणि मेथी घालून गिरणीतून दळून आणते. सौम्यांनी माझी खुर्ची हळूच मागे कलती केली, जसे वाईट बातमी देण्यापूर्वी नातेवाइकांना बसून घ्यायला सांगतात.

मग त्यांनी टाळूवर कॅमेरा टेकवला आणि समोरच्या पडद्यावर मे महिन्यातली कावेरी दिसू लागली. भेगाळलेला गाळ, आणि त्यात दूरदूर रोवलेले, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले काळे बांबू. विद्यापीठात मी आधुनिक कवितेचा अभ्यास केला आहे. एकाकीपणाची प्रतिमा मला कुठेही ओळखता येते. माझे डोळे भरून आले. सौम्यांनी ते पाहिले आणि सीरमची मोठी बाटली काढली.

केस कापणे चटकन उरकले. तिथले ते गौण काम होते. मुख्य काम बाटल्यांचे. एक बाटली केस स्वच्छ करणारी. दुसरी, त्या स्वच्छतेने झालेली हानी भरून काढणारी. तिसरी, त्या भरपाईने आलेला जडपणा घालवणारी. आणि चौथी, या तिघींचे एकमेकींशी बरे चालावे म्हणून वरून लावायची. आमच्या कार्यालयाची रचना अशीच असल्यामुळे मला ती विनासायास समजली.

आईचे केसांविषयीचे नियम फार नव्हते. मंगळवारी आणि शुक्रवारी कात्री नको, एकादशीला तेल नको, जन्मवारी दोन्ही नको. त्यांची कारणे मी तिला वर्षानुवर्षे हसत हसत विचारत आलो होतो. सौम्यांनी बाटल्यांबरोबर दिलेल्या नियमांची कारणे मी विचारली नाहीत, कारण ती इंग्रजीत होती.

त्या नियमांची अंमलबजावणी मी त्याच आठवड्यात सुरू केली. आमच्या बोअरचे पाणी जड, म्हणून केसांसाठी पिण्याच्या पाण्याचा कॅन राखून ठेवण्यात आला. घरच्यांनी प्यायला बोअरचे पाणी उकळून घ्यावे असे ठरले. फोडणीची वाफ सीरमवर बसते, म्हणून मी घरी येण्यापूर्वी फोडण्या आटोपायच्या. तिळाच्या तेलाची बरणी गच्चीच्या जिन्याखाली हलवली, कारण त्या वासाने माझ्या केसांची जुनी सवय चाळवण्याचा संभव होता. सुती अभ्र्याने केस तुटतात, म्हणून सॅटिनची उशी आली. आईने कशालाही हरकत घेतली नाही. हरकत नसणे म्हणजे संमती, हे विम्याच्या कामात माणूस पहिल्या आठवड्यातच शिकतो.

आमच्याकडे बायका शुक्रवारी डोक्यावरून न्हातात. सुप्रजाचे केस कमरेखाली पोहोचणारे, दाट. ओले झाले की त्यांना ओल्या घोंगडीचे वजन येते. तोवर तिला आई न्हाऊ घालत असे. पण त्या महिन्यात आईचा उजवा खांदा धरला आणि हात छातीच्या वर जाईना. सुप्रजाचे स्वतःचे हात डोक्यावर ठरत नव्हते, वाकले की तिला घेरी येत होती. तेव्हा गुरुवारी तिने मला विचारले.

"उद्या तुम्ही मला न्हाऊ घालाल का?"

मी तत्त्वतः मान्यता दिली. तपशील मात्र ठरायचे होते. शिकेकाई मी वापरू शकत नव्हतो. अज्ञानात वापरणे वेगळे, कावेरीचे कोरडे पात्र पाहून आल्यावर वापरणे वेगळे. म्हणून शुक्रवारी न्हाऊ घालण्याऐवजी मी तिला सलूनमध्ये नेले. सौम्यांनी तिच्या पोटाकडे पाहिले आणि सांगितले की अशा अवस्थेत कोणतेही उत्पादन देण्यास त्यांच्या कंपनीची परवानगी नाही, बाळंतपणानंतर यावे. अशा प्रकारे शिकेकाई अग्राह्य ठरली आणि शॅम्पूसाठी अर्जदार अपात्र ठरली. राहिले नुसते पाणी. बोअरचे जड होते, आणि कॅनचे माझ्यासाठी राखीव. तेव्हा पुढील निर्णयापर्यंत सुप्रजाच्या केसांबाबत परिस्थिती जैसे थे ठेवावी, असे मी घरी येऊन जाहीर केले.

पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा विचारले. मी सांगितले की विषय विचाराधीन आहे. हे मी प्रेमाने सांगितले. फक्त डोक्याला मास्क लावलेला असल्यामुळे तिच्याकडे मान वळवता आली नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिने विचारले नाही. तक्रारी थांबणे हे आमच्या कार्यालयात यशाचे लक्षण मानले जाते. उन्हाळा तापला होता. संध्याकाळभर ती कंगव्याच्या टोकाने भांगात रेघा ओढत बसे, आणि घामाने चिकटलेली वेणी तिच्या पाठीवर एखाद्या भिजून वाळलेल्या दोरखंडासारखी पडून असे. तिच्या केसांना वास येऊ लागला. मी तिला त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. मी माझी सॅटिनची उशी शेजारच्या खोलीत नेली.

वाचक इथे हसले असतील, तर मला आनंदच आहे. त्यांनी एवढेच करावे: उठून आपल्या न्हाणीघराच्या फळीवर आपल्या नावाच्या बाटल्या किती आहेत ते पाहावे, आणि आपल्या हातांनी दुसऱ्या कुणाचे डोके शेवटचे कधी चोळले ते आठवावे. आठवेपर्यंत मी थांबतो. मला घाई नाही. माझ्या घरी आता कोणी वाट पाहत नाही.

कारण पुढचा शुक्रवारही आला. त्या दिवशी कार्यालयातली वीज गेली आणि मी दुपारीच घरी परतलो. दारात रिक्षा उभी होती आणि तिच्यात सुप्रजाचे वडील व्यासराज मांडीवर तिची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला. पाहुण्याला करतात तसा.

परसात धुण्याच्या दगडाशी सुप्रजा बुटक्या पाटावर बसली होती. तिच्या मागे बाकावर आई. दगडावर संपूर्ण वेणी पडली होती, खालच्या टोकाच्या रिबिनीसकट, आणि तिच्याशेजारी दुधाच्या पिशव्या कापायची कात्री. सुप्रजाचे केस मानेपर्यंत उरले होते. ते ओले होते, आणि आई डाव्या हाताने त्यांतले पाणी निपटून काढत होती.

"आई," मी म्हणालो, "गरोदर बाई आहे ती. आपल्या घराण्यात पुरुषाने केस कापलेले चालत नाहीत, आणि तू हिचे कापलेस?"

हे वाक्य मीच बोलत असल्याचे मला ऐकू येत होते. ते मी पूर्ण केले.

आईने वर पाहिले नाही. "माझ्या एका हाताला जितके धुवायला जमतें, तितके ठेवले," ती म्हणाली. "दोष लागायचाच तर मला लागो, असें देवापाशी बोलून घेतलें आहे."

सुप्रजा पाटावरून उठली. उठताना तिने दगडाचा आधार घेतला, माझ्या पुढे केलेल्या हाताचा नाही. उघड्या मानेवरून पाणी ब्लाउजमध्ये उतरत होते आणि तिचा चेहरा, कित्येक दिवसांत प्रथमच, सैल झालेला दिसत होता. ती साक्कोट्टैला निघाली होती. बाळ तिथे होणार होते. बोलायला अजून वेळ होता, आणि काय बोलायचे तेही मला स्पष्ट दिसत होते. साधे, लहान, कोणत्याही भाषेत चालण्याजोगे वाक्य होते ते. त्यासाठी मी तोंड उघडले. पण ती जवळून जाताना तिच्या केसांवर ऊन पडले आणि ते असे चमकले, जसे माझे चारही बाटल्यांनी कधी चमकले नव्हते.

"कशाने धुतलेस?" मी विचारले.

सुप्रजाने पदराने मान पुसली, आईच्या धरलेल्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि घरातून रिक्षाकडे चालत गेली.