दोन गार्ड जास्त झाले

बोर्डावर मुद्दे मांडावेत तर मीच, याबद्दल आमच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात दुमत नाही. निदान त्या सोमवारपर्यंत नव्हतं. मी प्लॅनिंगमध्ये आहे. कितीही गुंता असू दे, मी तीन रकाने आखतो, ठसठशीत अक्षरात लिहितो आणि दहा मिनिटांत लोक एकमेकांशी माणसासारखं बोलायला लागतात. म्हणून सुश्रुतशी दोन आठवडे चाललेला वादही बोर्डावरच मिटवायचा, असं मी ठरवलं.

सुश्रुत माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो. तो नागपूरचा, मी पुण्याचा, आणि दोघंही एका अमेरिकन बास्केटबॉल टीमचे फॅन. टीमचं नाव सांगत नाही, कारण ते ऐकल्यावर लोक सांत्वन करतात. दर वर्षी जूनमध्ये तिकडे ड्राफ्ट असतो; यंदाचा त्या गुरुवारी रात्री होता. सगळ्या टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात, आणि जी जास्त हरलेली असते तिचा नंबर साधारण आधी लागतो. आमचा नंबर कायम आधी लागतो.

"आपल्याकडे बॉल घेऊन पळणारे गार्ड दोन आहेत," मी म्हणत होतो, "आणि बास्केटखाली उभा राहणारा उंच सेंटर एकही धड नाही. जी जागा रिकामी ती भरायची. साधं आहे."

"जो सगळ्यात भारी पोरगा आहे तो उचलायचा," सुश्रुत म्हणायचा. "जागेचं मागून पाहू."

"मागून म्हणजे कधी?"

"मागून म्हणजे मागून, बे."

असा माणूस बोर्डाशिवाय वठणीवर येत नाही. मी सोमवारी पाच वाजता रिसेप्शनसमोरची मीटिंग रूम बुक केली. कोणी पाहिलं तर बरं दिसावं म्हणून मीटिंगचं नाव दिलं 'रिसोर्स प्लॅनिंग'. आणि बोर्डावर नेहमीप्रमाणे झकास इंग्रजीत लिहिलं. गार्ड दोन, एक पुरे. मोठ्याचे गुडघे गेले आहेत, निम्मा वेळ बसून असतो, त्याला सोडावं. धाकट्याला ठेवावं. हवा आहे तरुण, उंच, लांब हातांचा. निर्णय गुरुवारी.

सहा वाजेपर्यंत सुश्रुत अर्धवट पटला. उरलेला गुरुवारी पटवू म्हणून मी खाली लाल मार्करने 'पुसू नये' लिहिलं आणि आम्ही घरी गेलो.

आमच्या बिल्डिंगला सिक्युरिटी गार्ड दोन आहेत. काईल सव्वीस वर्षांचा. मॉरिस बासष्टचा, गुडघ्यांनी अधू, रिसेप्शनच्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवणारा. संध्याकाळी सहानंतर सगळ्या मीटिंग रूम बंद करायचं काम मॉरिसचं. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची सवय मला फक्त पगार मिळतो तेव्हाच असते.

मंगळवारी सकाळी मॉरिस उभा होता. चार वर्षांत मी त्याला उभा पाहिला नव्हता. मला वाटायचं त्याला कंबरेखाली खुर्चीच आहे.

"बसा की मॉरिस," मी म्हटलं.

"बसायला मला आवडतच नाही," तो म्हणाला. कपाळावर घाम होता.

दुपारी तो पार्सलांचा गठ्ठा घेऊन जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आला. लिफ्ट चालू होती. बुधवारी मी कॉफी घेत होतो तर तो दरवाजावरच्या घड्याळापर्यंत हात ताणून उभा.

"बंद पडलंय का?" मी विचारलं.

"नाही. हात पोचतो का बघत होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझे हात तसे लांब आहेत. लोकांच्या लक्षात येत नाही."

मी सुश्रुतला म्हटलं, "मॉरिसने जिम लावलेली दिसते." सुश्रुत म्हणाला, "या वयात मानलं पाहिजे बे."

तासाभराने मंजिरी आली. मंजिरी आमच्या टेस्टिंग टीममध्ये आहे. तिचा जन्म इथला, आईवडील मिरजेचे. ती माझ्याशी हट्टाने मराठीत बोलते.

"अनुप, मॉरिसचा नोकरी जातोय," ती म्हणाली. "डोळ्यात पाणी होता त्याच्या. रिझन काय, तर त्याची गुडघे. गुरुवारी डिसिजन आहे. So cruel."

"कोण म्हणतं?"

"त्याने स्वतः वाचला. लेखी आहे."

लेखी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कंपनीचं पत्र आलं. मी खवळलो. खरंच खवळलो. मंजिरीने अर्ज लिहायला घेतला होता, तो मी तिच्या हातातून घेतला आणि अर्ध्या तासात नवीन लिहून काढला. 'ज्या कोणाच्या लेखणीतून हा निर्णय उतरला, त्याला माणूस दिसत नाही, फक्त गुडघे दिसतात,' असं एक वाक्य त्यात होतं. ते मी सुश्रुतला दोनदा वाचून दाखवलं. चार मजले फिरून आम्ही चौऱ्याहत्तर सह्या गोळा केल्या. पहिली सही माझी.

गुरुवारी दहा वाजता आम्ही तिघं मनीषाताई वागळ्यांपुढे उभे राहिलो. बिल्डिंग आणि माणसं दोन्ही त्यांच्याकडे. पंचवीस वर्षं याच ऑफिसात आहेत, आणि आवाज न चढवता समोरच्याला लहान करायची हातोटी त्यांना आहे.

त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. "छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण मॉरिसला कोणी काढत नाहीये. असा विचारही नाही. हे आलं कुठून?"

"लेखी आहे," मी बाणेदारपणे म्हटलं. "मंजिरी, दाखव त्यांना."

मंजिरीने फोन पुढे केला. "मॉरिसने हा फोटो काढला, मंडे इव्हिनिंगला."

मनीषाताईंनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला. तीन रकाने. ठसठशीत अक्षर. खाली लाल शाईत 'पुसू नये'.

"अनुप, हे अक्षर तुझंच ना?"

मी मान हलवली. मंजिरी माझ्याकडे असं बघत होती, जसं माझ्याच अर्जातल्या त्या माणसाकडे बघावं. शेवटी सुश्रुतने तोंड उघडलं.

"तरी मी सांगत होतो," तो म्हणाला. "सगळ्यात भारी पोरगा उचलला असता तर ही वेळ आली नसती."

बास्केटबॉलचा खुलासा करायला मला बोर्डावर लिहायला लागली होती त्याहून जास्त मिनिटं लागली. मनीषाताईंनी ऐकून घेतलं. "अहो, मला नका सांगू," त्या म्हणाल्या. चिडल्या की त्या मला 'अहो' म्हणतात. "खाली जाऊन त्याला सांगा. आणि मार्कर इथे टेबलावर ठेवून जा."

मॉरिस दाराशी ताठ उभा होता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले पँटवरून दिसत होते. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसला.

"म्हणजे बास्केटबॉल," तो म्हणाला.

"हो. माफ करा. माझी चूक झाली."

"तीन दिवस झोप नाही मला. बायकोला सांगून बसलो. सुट्टीसाठी वेमथच्या समुद्रकाठी कॅरव्हॅनचं आठवड्याचं बुकिंग होतं, ते तिने रद्द केलं." त्याने गुडघा चोळला. "तुमचा तो मोठा गार्ड किती वर्षांचा आहे?"

"छत्तीस."

"छत्तीस," मॉरिस म्हणाला, आणि शब्दकोड्याचं पान उघडलं. त्या दिवशी पुढे तो माझ्याशी बोलला नाही. मला एवढं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी उठून निकाल बघितला. आमच्या टीमने मोठ्या गार्डला ठेवलं होतं आणि ड्राफ्टमध्ये आणखी एक गार्ड घेतला होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात वेमथ होतं. नऊ वाजता मी मॉरिसकडून कॅरव्हॅनवाल्यांचा आणि घरचा नंबर घेतला, आधी कॅरव्हॅनवाल्यांना फोन लावला, हात जोडता येत नव्हते म्हणून आवाजानेच जोडले, आणि तोच आठवडा, तीच कॅरव्हॅन परत मिळवली. मग मॉरिसच्या बायकोला, ब्रेंडाला, फोन केला. ती झाडेल म्हणून कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

"गुडघ्यांचं लिहिणारा तूच का?" तिने विचारलं.

"हो. मी मनापासून माफी मागतो."

"माफी राहू दे. त्याची फिजिओ दोन वर्षं सांगतेय, उठून चालत जा, जिने चढ. ढिम्म हलला नाही. तू लिहिलंस आणि दुसऱ्याच दिवशी माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोटाबद्दलही दोन ओळी लिहितोस का?"

मी सांगितलं, माझा मार्कर काढून घेतलाय.