स्कूटरवरून न उतरणारे श्रीनिवासराव

रविवारी सकाळी अकरा वाजता बिबवेवाडीतल्या शर्वरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये श्रीनिवासराव आपल्या बंद स्कूटरवर चढून बसले. भंगारवाला बजरंग हातगाडी घेऊन नुकताच फाटकातून आत आला होता. त्याला बोलावलं होतं श्रीनिवासरावांच्या पत्नीने, विजयमालाबाईंनी.

"काका, उतरा की."

"गाडी न्यायचीच असेल तर मलाही वजनात धर."

प्रकरणाचं मूळ विजयमालाबाईंच्या गळ्यात आहे. गेली काही वर्षं त्या भर मे महिन्यात स्वेटर घालून बसत. पंखा लावला की ओरडत. केस गळत होते, वजन वाढत होतं, बसल्या जागी डोळा लागत होता आणि आमटीत मीठ घातलं की नाही, हे आठवत नव्हतं. श्रीनिवासरावांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात, भोंग्याच्या तालावर झालेली. त्यांनी निदान केव्हाच करून ठेवलं होतं : आळस. "आज उठायचा बेत आहे, की उद्या?" असं ते रोज सकाळी पांघरुणाला विचारत.

शेवटी डॉक्टर नसीमबानूंनी रक्त तपासलं.

"थायरॉइड कमी काम करतोय. गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी, पण साऱ्या शरीराचा वेग तीच ठरवते. ती मंदावली की माणूस मंदावतो."

"म्हणजे आळस नाही?" श्रीनिवासरावांनी खात्री करून घेतली.

"आळशी माणसाला मे महिन्यात थंडी वाजत नाही, काका."

गोळी रोज सकाळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहा नाही. नाहीतर ती नीट लागू पडत नाही. हे शेवटचं वाक्य श्रीनिवासरावांनी नीट ऐकून ठेवलं.

काही आठवड्यांनी स्वेटर कपाटात गेला. मग पंखा सुरू झाला. आणि मग बाई पदर खोचून माळ्यावर चढल्या! दांडा नसलेल्या छत्र्या गेल्या, गळका गीझर गेला, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले नळ गेले. श्रीनिवासराव खाली शिडी धरून उभे होते, त्यामुळे त्यांना हलताही येईना. माळा रिकामा झाल्यावर बाई गॅलरीत घाम पुसत उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर खाली पार्किंगमध्ये गेली.

"ते ताडपत्रीखाली काय आहे हो?"

"अगं, माझी स्कूटर! जन्मभर खडकीला गेलो हिच्यावर."

"आता कुठे जाते ती?"

दुसऱ्या दिवसापासून श्रीनिवासराव सकाळी सहाला, बाईंची गोळी घ्यायची वेळ साधून, वाफाळता चहा घेऊन पलंगाशी हजर होऊ लागले. लग्न झाल्यापासून त्यांनी गॅस पेटवला नव्हता. आता चहात आलंसुद्धा पडू लागलं.

"लगेच घे, गार होईल," ते काळजीने म्हणत. बाई लगेच घेत. श्रीनिवासराव वाट पाहत. पण बाईंचा वेग काही उतरेना. त्यांनी गॅलरीला रंग दिला.

शनिवारी पुन्हा तपासणी झाली. "उत्तम! हाच डोस चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

"पण ही गोळीवर लगेच चहा पिते!" श्रीनिवासरावांच्या तोंडून निसटलं.

"गोळी मी पाचलाच घेते," विजयमालाबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि परत आडवी होते. चहा सहाला येतो. बरोब्बर तास होतो."

"आणि बोलली नाहीस?"

"चहा बंद झाला असता."

त्याच संध्याकाळी त्यांनी बजरंगला फोन केला.

तर रविवारी अकरा वाजता ही अशी परिस्थिती होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणी तरी वरून विचारलं, "काका, हेल्मेट कुठंय?" विजयमालाबाई धडाधड जिना उतरून आल्या.

"उतरा. बंद पडलीय ती."

"बंद नाही!" श्रीनिवासरावांनी हँडल घट्ट धरलं. "आत काहीतरी अडकलंय, म्हणून उठत नाही बिचारी. एकदा कुणी नीट तपासायला हवी. न तपासता भंगार कसं म्हणतेस?"

साऱ्या गॅलऱ्यांच्या माना विजयमालाबाईंकडे वळल्या. आपण काय बोललो, हे श्रीनिवासरावांना सर्वांत शेवटी कळलं.

विजयमालाबाईंनी स्कूटरच्या सीटवर हात ठेवला. "हे मला म्हणाला असतात, तर माझे चार उन्हाळे वाचले असते."

श्रीनिवासराव खाली उतरले. बजरंग पुढे झाला, तशी बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"थांब रे. आधी तपासू."

त्यांनी पदर कमरेला खोचला, साडी घोट्याच्या वर घेतली आणि किक मारली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. दुसरी मारली. तिसरीला कबुतरं उडाली. बजरंगने हातगाडी बाजूला लावली आणि "बाई, चोक ओढा, चोक!" म्हणून ओरडायला लागला.

शेवटची बातमी हाती आली तेव्हा बाई अजून किक मारत होत्या. मध्ये एकदा काहीतरी फुरफुरल्याचा आवाज झाला. तो स्कूटरचा होता की श्रीनिवासरावांचा, यावर सोसायटीत एकमत झालेलं नाही.