गाल टेकव, मग सांग

तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गेले असंच वाटलं. अमरावतीच्या आर्किटेक्चर कॉलेजातला आमचा पहिला आठवडा. वर्गातल्या लांब टेबलावर एक गृहस्थ गाल टेकवून, एक डोळा मिटून निपचित पडलेले. एका धीट मुलीनं त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं. सर न हलता म्हणाले, "पोरी, बाजूले हो. तुह्या सावलीनं माह्या चौकात अंधार पडला."

चौक म्हणजे नाकासमोर उभे केलेले पुठ्ठ्याचे चार तुकडे.

सर डिझाइन शिकवत. पांढऱ्या कागदावर काळ्या कागदाचे चौकोन, पट्ट्या, गोल चिकटवून आधी सपाट रचना करायची. मग तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याला उंची देऊन तीच रचना पुठ्ठ्यात उभी करायची. आणि मग गाल टेकवायचा. "वरून कावळा पायते," सर म्हणत. "तू कावळा हायेस का? गाल टेकव, मग सांग."

ही खोड वर्गापुरती नव्हती. पंगतीत भाताची मूद पडली की ते ताटाशी वाकत आणि वाढप्याला म्हणत, "वरण तिकून सोड बापा, इकून रस्ता हाय." कुणाच्या दारात रांगोळी दिसली की भर रस्त्यात गुडघे टेकत. घरातल्या बाया आधी घाबरत, मग पाणी आणून देत.

माझी सपाट रचना वर्गात सगळ्यांत देखणी होती. हे सरच म्हणाले. पुढे म्हणाले, "आता उचल." नीटनेटकं दिसावं म्हणून मी सगळे तुकडे एकाच उंचीचे केले. सरांनी गाल टेकवला.

"काहून रे लेका, प्रार्थनेले उभे केले काय सगळे?"

मग माझी मान धरून त्यांनी माझाही गाल टेबलावर टेकवला, एक चौकोन उंच केला, एक पट्टी बुटकी केली.

आणि मी आत गेलो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. कोपऱ्यात निव्वळ शोभेला चिकटवलेला काळा पट्टा आता भिंत झाला होता. तिच्या पायाशी सावली होती, वळणापलीकडे काहीतरी होतं, आणि मुंगीएवढा असतो तर ते बघायला मी धावत सुटलो असतो. अंगावर काटा आला. तसा काटा पुढे मोठमोठ्या इमारती पाहूनही आला नाही.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. कॉम्प्युटरवर घर उभं करून गरागरा फिरवता येतं. गाल टेकवणं कधी सुटलं ते कळलंच नाही. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी आई पडली आणि कायमची पलंगाला खिळली. तिला मी स्वतः आखलेल्या घरातली मागची खोली दिली. हवेशीर, न्हाणीघराला लागून. नकाशावर त्या खोलीत कुणाला खोट काढता आली नसती. आई मात्र बोलेनाशी झाली. ताट तसंच परत येऊ लागलं. वय झालं, असं सगळे म्हणाले आणि मला ते सोयीचं वाटलं.

सर निवृत्तीनंतर अकोल्यातल्या आपल्या जुन्या घरात एकटेच राहत. आईचं कळलं तसे बसनं आले. "जयभीम ताई," म्हणाले आणि फरशीवर बसून त्यांनी तिच्या उशीशेजारी गादीच्या काठावर गाल टेकवला.

आई दचकली. "काय झालं रे यायले?"

"ताई, इथून तुमाले काय दिसते?"

"काय दिसन? कपाट. अन् पंखा."

"खिडकीतून?"

"आभाय. त्यात कावळा बी नाई येत."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाल टेकव."

पन्नाशीतही मी टेकवला. खिडकी माझ्या नजरेच्या पार वर सुरू होत होती. ती उंची मीच आखली होती.

मिस्त्री बोलावून खिडकी खाली उतरवली. आता पलंगावरून रस्ता दिसतो, शेजारचं फाटक दिसतं. पहिल्याच दिवशी आईनं भाजीवाल्याला आवाज दिला, "काहून रे, मेथी हाय का गवत?" आणि त्या दुपारी पोळी मागून घेतली.

हे सांगायला मी अकोल्याला गेलो. सरांच्या घरी पहिल्यांदाच. त्यांच्या खोलीतली खिडकी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होती. तिला लागून एक पलंग, धुतलेली चादर. बाहेर बुटकी जास्वंद.

"हे हिची जागा," सर भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. "लकवा झालता. तुमी कालेजात यायच्या आधीची गोष्ट. मी रोज इथून गाडीनं अमरावतीले पोराइले शिकवाले जाओ, अन् हे घरी भिंत पायत राहे. कागदावर मले ते खोली लय पसंत होती. एक दिवस तिच्या बाजूले लेटलो, तवा समजलं."

"मग खिडकी...?"

"केली ना. पण उशीर झालता. थोडीशीच पायली तिनं जास्वंद."

चहा घेऊन मी निघालो. फाटकाकडे जाताना त्याच खिडकीवरून गेलो. आत सर पलंगावर आडवे झाले होते, गाल टेकवून, अर्धी उशी मोकळी सोडून. माझी सावली जास्वंदीवर पडली होती.

मी बाजूला झालो.