पाळणा न लाभण्याची हकीकत

श्रीकुळस्वामिनी साक्ष. ऐकिले ते लिहितो, न ऐकिले ते पुसोन लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, माघमासी एका राज्यात मोठी मसलत जाहली. राज्याचे नाव सांगणे नाही; चार खोल्या आणि वर गच्ची इतकाच मुलूख. फाल्गुनात कुळसंमेलन भरणार, त्यासमयी घराण्याच्या इतिहासाचा बारा मिनिटांचा माहितीपट दाखवावा ऐसे ठरले, आणि काम धाकट्या सूनबाई रेवतीबाई यांजकडे सोपविले. बाईंस सातवा महिना. त्यांचे माहेरी शिसवी पाळणा होता, त्यात त्यांची आई निजली, त्या स्वतः निजल्या. तो बाळासाठी आणावा ही त्यांची फार इच्छा. परंतु सासूबाई कुमुदिनीबाई यांणी साफ सांगितले की, "आपल्या घराण्याला पाळणा लाभत नाही. माझी दोन्ही मुलं गोधडीवर वाढली." का लाभत नाही ते त्यांसही ठाऊक नव्हते. तेव्हा रेवतीबाईंनी मनी योजिले की, माहितीपट करणेच आहे, तर हेच सर्वांस पुसावे.

मग मोबाइल तिपाईवर चढविला, कॉलरला माइक लाविला, आणि मोहीम सुरू जाहली. प्रथम थोरले चुलत सासरे बापूकाका बैसले आणि बोलिले की, "शत्रूची फौज मागं लागली होती. मूळपुरुष गवतात लपले आणि नेमका पाळणा करकरला." गवतात पाळणा कोठोन आला हे पुसता काका पाणी प्याले. मग धाकटे भाऊकाका यांणी गोसाव्याचा शाप सांगितला, आणि ऐसा रंगविला की गोसाव्याचे वजनही सांगोन टाकिले. मग सासरे वसंतराव यांणी दोघांस खोटे पाडोन देवीचा दृष्टांत सांगितला. तिघेही शपथेवर बोलिले. लिहिणारा दिवा धरोन उभा होता, त्यास हसू आवरेना. परंतु तिघांचे एक जुळले की, ही गोष्ट घरात प्रथम बोलिले ते थोरले आबा, म्हणजे वसंतरावांचे आजोबा. त्यांची लेक द्वारकाआत्या, वय शहाऐंशी, तालुक्याचे गावी हयात. मग रेवतीबाई तिकडे रवाना जाहल्या.

आत्याबाई वाल सोलीत होत्या. प्रश्न ऐकोन हात थांबला. मग यंत्राकडे न पाहता बोलिल्या, "मी सात वर्षांची होते. धाकट्या भावाला झोका देत होते. जोरात दिला असेन. वरचं कडं निखळलं. चार दिवसांनी तो गेला. मग बायका भेटायला यायच्या आणि विचारायच्या, दोरी कुणाच्या हातात होती? आई माझ्याकडं बघेना. एक दिवस आबा ओसरीवर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, आपल्या घराण्याला पाळणा लाभत नाही, देवीनंच सांगितलंय. पाळणा त्यांनी स्वतः फोडला. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं नाही. आज तू विचारलंस."

रेवतीबाईंस फार लाज वाटली. चाल मोडावयास गेल्या, तो त्या चालीआड सात वर्षांची पोर बैसलेली. त्या बोलिल्या, "आत्याबाई, मी हे काढून टाकते. कुणाला दाखवत नाही."

"ठेव," आत्याबाई बोलिल्या. "आबा देवाच्या नावानं खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. त्यांना कर्मठ म्हणतात सगळे. हे कुणाला तरी कळू दे."

मग फाल्गुनात संमेलन भरले, माणूस साठ. पडद्यावर फौज आली तेव्हा सर्व हसले, गोसावी आला तेव्हाही हसले, आणि आत्याबाई आल्या तेव्हा बापूकाकांनी चष्मा काढोन डोळे पुसले. मग कुमुदिनीबाई उठोन सुनेजवळ आल्या आणि बोलिल्या, "माहेरी फोन कर, पाळणा पाठवा म्हणावं. कड्या मात्र मी स्वतः ओढून बघणार."

तात्पर्य, जो हुकूम एकोणऐंशी वर्षे देवीचा म्हणोन पाळिला, तो एका बापाचा होता, आणि त्याचे काम पुरे जाहले होते. पुढे कन्यारत्न जाहले. बारशास द्वारकाआत्या आल्या, दोरी हाती घेतली नाही, आणि बाळ निजेपर्यंत पाळण्याजवळ बसोन राहिल्या.